सगळ्यांचा एक पासवर्ड

कोंबडा आरवण्याआधी जिथे माग खडखडू लागतात, अशा एका गावात एक चादरींचे कारखानदार राहत असत. त्यांचे नाव अंबादास चिलवेरी. माणूस मनाने मोकळा. कारखान्यातल्या कुणाच्या घरी लग्न असो की आजारपण, अंबादासशेठ सगळ्यांच्या आधी हजर. "आपण सगळे एका घरातले," असे ते म्हणत आणि तसे वागतही.

कारखान्यात एक संगणक होता. चादरींवरची नक्षी त्याच्यावर तयार होई आणि तिथून मागावर चढे. कारखान्याने आजवर काढलेली सगळी नक्षी त्याच्या पोटात होती. पण या संगणकाचा पासवर्ड मात्र सगळ्यांचा मिळून एकच. तो शेठना माहीत होता, कारकुनाला माहीत होता, विणकरांना माहीत होता आणि चहा घेऊन येणाऱ्यालाही माहीत होता. कुणी विसरू नये म्हणून तो पडद्याच्या कडेला चिकटवून ठेवला होता. जो कोणी संगणकावर बसे, तो अंबादासशेठच्याच नावाने बसे.

नक्षी काढण्याचे काम सरोजा यमूल करत असे. ती एकदा शेठना म्हणाली, "शेठ, मला वेगळा पासवर्ड द्या ना. नक्षी तरी कुलपात राहील."

शेठना वाईट वाटले. "पोरी, घरात कुणी स्वयंपाकघराला कुलूप लावतं का? माझ्याच माणसांवर मी संशय घेऊ?"

"तिला एकटीला गेम खेळायचा असेल, शेठ!" मागावरून यल्लप्पामामा ओरडले. ते कारखान्यातले सगळ्यात जुने विणकर. त्यांच्या बोलण्यावर सगळे हसले. सरोजाही हसली आणि विषय तिथेच मिटला. संशय घेणे वेगळे आणि काळजी घेणे वेगळे, हे त्या दिवशी कुणाच्याच लक्षात आले नाही.

त्या वर्षी सरोजाने एक नवी नक्षी काढली. चादरीच्या चारही काठांना ज्वारीची टपोरी कणसे, आणि मधे वाऱ्याने झुकलेले शेत. बाहेरगावचे मोठे व्यापारी केवलचंद यांनी ती पडद्यावर पाहिली आणि तिथल्या तिथे एवढी मोठी मागणी नोंदवली की सगळे माग वर्षभर हलले असते. अट एकच होती. ही नक्षी दुसरीकडे कुठेही दिसता कामा नये.

दिवाळी झाली. सूत रंगवून तयार झाले. आणि पहिली चादर मागावरून उतरण्याआधीच तीच कणसे, तेच शेत शेजारच्या गावच्या एका कारखान्याच्या चादरीवर बाजारात आले. सरोजाने ती चादर हातात घेतली आणि तिचा चेहरा उतरला. तिच्याकडून एका कणसाचा देठ चुकून तुटका राहिला होता. तो देठ या चादरीवरही तुटकाच होता. कुणी पाहून काढलेली नक्षी नव्हती ही. संगणकातूनच उचललेली होती.

कुजबुज सुरू व्हायला वेळ लागला नाही. सरोजाचा थोरला दीर त्या दुसऱ्या कारखान्यात कामाला होता.

"दीर तिथं, नक्षी तिथं. आणखी काय पाहिजे?" कारकून म्हणाला.

"आणि वेगळा पासवर्ड कशाला मागत होती, ते कळलं ना आता?" आणखी कुणीतरी म्हणाले. ज्या बाईने कुलूप मागितले तीच चोर ठरली. घाबरलेल्या माणसांचे डोके असेच चालते.

शेठनी तिला बोलावले. त्यांना तिच्या डोळ्यांत बघवेना. "सरोजा, थोडे दिवस घरी थांब."

"मी चोरी केली असं म्हणताय का शेठ?"

"मी काही म्हणत नाही. लोक म्हणतात."

"मला कामावर लोकांनी ठेवलं नव्हतं," सरोजा म्हणाली. "तुम्ही ठेवलं होतं."

ती घरी गेली. गावात तिच्याशी बोलणारे कमी झाले. दुसऱ्या एका कारखान्यात ती काम मागायला गेली, तर तिथल्या मालकाने तिला पाणी दिले आणि आपला संगणक आधी बंद केला.

इकडे केवलचंदांचा फोन आला. "अंबादासशेठ, चोर कोण ते मला कळलं पाहिजे. नाव सांगा, पोलिसांत तक्रार द्या, आपण दुसऱ्या नक्षीवर काम करू. नाव नसेल तर पुढची नक्षीही उद्या बाजारात दिसेल. मग मी माल कशाच्या भरवशावर मागवू?"

म्हणून शेठनी शहरातून शाहीन मुजावर यांना बोलावले. संगणकात कोण शिरले, काय नेले, याचा माग काढणे हे शाहीनचे काम. वयाने लहान, बोलायला सडेतोड. ती आली तेव्हा कारकून फडके घेऊन संगणक पुसायला निघाला होता.

"हात लावू नका त्याला," ती दारातूनच म्हणाली.

"अहो, धूळ आहे मॅडम. पाहुणे येणार म्हणून..."

"धुळीशी माझं काही भांडण नाही. तुम्ही पुसता पुसता तो सुरू केलात, इकडचं तिकडे केलंत, तर पावलं पुसली जातील. चोरी झालेल्या घरात आधी केर काढता का तुम्ही?"

कारकुनाने फडके पाठीमागे लपवले.

"फार खोलात जाऊ नका," शेठ म्हणाले. "चोर कोण ते आम्हाला माहीत आहे. नक्षी काढणारी सरोजा. तुमच्या कागदावर नाव आलं की झालं."

शाहीनने त्यांच्याकडे एकदा पाहिले. मग तिने संगणकातल्या सगळ्या साठ्याची हुबेहूब प्रत काढली, मूळ संगणक बंद करून मोहोर लावली आणि त्या प्रतीवर काम करत बसली. मूळ पुराव्याला तिने स्वतःचे बोटही पुन्हा लावले नाही.

काम संपल्यावर तिने सगळ्यांना बोलावले. माग थांबले. एवढी शांतता त्या कारखान्यात फक्त सुतकातच होत असे.

"नक्षी ज्या नावानं बाहेर गेली ते नाव सापडलं," ती म्हणाली. "अंबादास चिलवेरी."

शेठ ताडकन उठले. "काय बोलताय तुम्ही? मी माझीच नक्षी चोरेन?"

"संगणकाला एवढंच ठाऊक आहे. त्या वेळी तुम्ही बसला होता, असं तो म्हणतो."

"अहो, इथं सगळेच माझ्या नावानं बसतात!"

"असं का?" शाहीन म्हणाली. "मग त्या सगळ्यांतून एकट्या सरोजाबाई तुम्हाला कशा सापडल्या?"

मागून यल्लप्पामामांचा आवाज आला, "शेठ, आता तुम्हीपण थोडे दिवस घरी थांबा."

कुणाला हसू आले, कुणी मान खाली घातली. शेठचे कान लाल झाले. आपण काही केले नाही हे आपल्याला ठाऊक आहे, आणि ते दाखवायला आपल्याकडे काहीही नाही. ही जागा कशी असते ते त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कळले. सरोजाला त्यांनी याच जागी उभे केले होते.

पण माणूस लगेच बदलत नाही. शेठ शाहीनला आतल्या खोलीत घेऊन गेले आणि दार लोटून हळू आवाजात म्हणाले, "बहुतेक तिनंच केलं असावं, एवढं लिहा. बहुतेक म्हणा फक्त. मागणी वाचेल, इतक्या घरांच्या चुली पेटत्या राहतील. तिचं मी मागाहून बघेन."

"बहुतेक लिहायचं तर सगळ्यांचीच नावं लिहावी लागतील," शाहीन म्हणाली. "सुरुवात तुमच्यापासून. ऐका, मला आणखी एक गोष्ट मिळाली आहे. नक्षी एका पेनड्राइव्हवर गेली. प्रत्येक पेनड्राइव्ह संगणकात आपली खूण सोडतो. हा पेनड्राइव्ह त्याआधी इथं कधीच लागला नव्हता, त्यानंतरही नाही. म्हणजे तो बाहेरचा असणार. घेणाऱ्यानं नक्षी नीट उतरली का ते उघडूनही पाहिलं. खंडेनवमीच्या दिवशी, दुपारी, बाराच्या ठोक्याला. त्या वेळी सरोजाबाई कुठं होत्या, ते मला माहीत नाही. ते संगणकाला विचारता येत नाही."

शेठ खुर्चीवर बसले.

खंडेनवमीला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, कारखान्यात हत्यारांची पूजा असे. माग, कात्र्या, धोटे, सगळ्यांना हळदकुंकू लागे. संगणकालाही झेंडूची माळ असे. त्या दिवशी कुठलेच यंत्र झाकायचे नाही, कुठलेच दार लावायचे नाही, असा शेठचाच हुकूम होता. गावातले लोक, व्यापारी, सुताचे दलाल प्रसादाला येत आणि सगळीकडे फिरत. बाराला अंगणात आरती होई. आणि त्या वर्षी बाराच्या आरतीचे ताट शेठनी स्वतः सरोजाच्या हातात दिले होते. आरती संपेपर्यंत ती त्यांच्या शेजारी उभी होती.

हे या खोलीत फक्त त्यांनाच माहीत होते. ते गप्प बसले असते तर शाहीनचा कागद अर्धाच राहिला असता, सरोजावरचा डाग कायम राहिला असता आणि केवलचंदांना द्यायला एक नाव उरले असते. बोलले असते तर नाव हातचे जाणार होते, मागणी जाणार होती, आणि दार उघडे कुणी ठेवले ते सगळ्या गावाला कळणार होते.

शेठनी लोटलेल्या दाराकडे पाहिले.

मग ते उठले, बाहेर आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "चोरी खंडेनवमीला बाराच्या ठोक्याला झाली. तेव्हा सरोजा माझ्या शेजारी आरतीचं ताट घेऊन उभी होती. तुम्हीही पाहिलंय. ती चोर नाही. चोर बाहेरून आला, आणि त्याच्यासाठी दार मी उघडं ठेवलं होतं."

तिथूनच त्यांनी केवलचंदांना फोन लावला. "तुम्हाला द्यायला माझ्याकडे चोराचं नाव नाही. चूक कुणाची ते नाव आहे. माझं."

"कळवतो," असे म्हणून केवलचंदांनी फोन ठेवला.

मागणी लांबली. ते नुकसान शेठनी सोसले. त्याच संध्याकाळी ते सरोजाच्या दारात गेले. तिने आत या म्हटले नाही. ते उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "कामावर ये. आपण सगळे एका घरातले..."

"घर नको आता, शेठ," सरोजा मधेच म्हणाली. "घरातल्या माणसाला कुणी कारण विचारत नाही, आणि घराबाहेर काढतानाही विचारत नाही. कारखाना असेल तर येते. माझा पासवर्ड माझा. मी केलेलं माझ्या नावावर लागलं पाहिजे. चुकलेलंसुद्धा."

शेठनी मान डोलावली. "आणि माझाही वेगळा?"

"तुमचाही वेगळा. तुम्हाला काय सोडणार आहे का मी?" ती म्हणाली, आणि तेव्हा कुठे दारातून बाजूला झाली.

शाहीनने व्यवस्था लावून दिली. प्रत्येकाला आपला पासवर्ड मिळाला. नक्षीच्या साठ्यापर्यंत ज्याचे तिथे काम आहे तोच जाऊ शके. बाहेरचा पेनड्राइव्ह संगणक स्वीकारेना. सगळ्या नक्षीची एक प्रत वेगळ्या जागी कुलपात राहू लागली. पहिल्या आठवड्यात कुरकुर फार झाली. यल्लप्पामामा आपला पासवर्ड विसरले आणि कारखानाभर विचारत फिरले, "माझा पासवर्ड कुणी सांगेल का रे?"

"आम्हाला माहीत नाही, मामा!" सगळे एका सुरात ओरडले. सांगता येत नसल्याचा आनंद त्यांना पहिल्यांदाच झाला होता.

शाहीनचा पूर्ण कागद घेऊन शेठ पोलिसांकडे गेले. पेनड्राइव्हची ती खूण हाताशी होती, त्यामुळे तपास अंधारात चाचपडत राहिला नाही. पेनड्राइव्ह सापडला तो सुताच्या एका दलालाकडे. खंडेनवमीला तो प्रसाद घेऊन गेला होता आणि सोबत नक्षीही, आणि ती त्याने त्या दुसऱ्या कारखान्याला विकली होती. सरोजाच्या दिराला यातले काहीच माहीत नव्हते. ज्यांनी सरोजाशी बोलणे सोडले होते, त्यांतले काही जण आपणहून तिच्याकडे गेले. काहींना अजून धीर झालेला नाही.

पुढे केवलचंद स्वतः कारखान्यात आले. "नाव खोटं देता आलं असतं तुम्हाला," ते शेठना म्हणाले. "नाही दिलंत, म्हणून आलोय. दाखवा नवीन काय आहे."

सरोजाने आपल्या नावाने संगणक उघडला. पडद्यावर तलाव आला, त्यावर उतरणारे पांढरे बगळे आले, आणि खाली कोपऱ्यात अक्षरे आली: नक्षी, सरोजा यमूल.

केवलचंदांनी ती अक्षरे पुन्हा वाचली. मग ते शेठकडे वळले. "इतकी वर्षं मला वाटत होतं, नक्षी तुम्ही काढता."

"संगणकालाही तसंच वाटत होतं," अंबादासशेठ म्हणाले, आणि त्यांनी आपली खुर्ची सरोजाकडे सरकवली.

तात्पर्य: जिथे निर्दोष माणसाला आपले निर्दोषपण दाखवता येत नाही, तिथला विश्वास पहिल्याच चोरीत मोडतो, म्हणून आपल्या माणसांवर खरोखर विश्वास असेल तर दारांना कुलपे लावा आणि प्रत्येकाची किल्ली त्याच्याच हाती द्या.