मिठाची पाळी

"मग काय पोरं उपाशी ठेवायची, बुवा?"

शलाका पाय आपटत ओसरीवर आली. शहरात बालशिक्षण शिकून ती धोंडीबुवांच्या मठातली बालवाडी चालवायला आली होती. मुलांना स्वावलंबी कसं करावं यावर ती तासभर न अडखळता बोलू शके.

"झालं काय?" बुवांनी विचारलं.

"ती विठा. मिठाची वाटी घेऊन बसलीये. उठायचं नाव नाही."

मठाची रीत जुनी. पंगतीत मीठ वाढून झाल्याशिवाय कोणी घास घ्यायचा नाही, आणि मीठ वाढायचं ते बालवाडीतल्या पोरांनी, पाळीपाळीने. या आठवड्यात पाळी विठाची. वय वर्षं चार. एकेक चिमूट पानावर ठेवायची, मागे सरून बघायची, मग पुढच्या पानाकडे वळायची. बघणाऱ्याचा जीव जायचा.

"काल तर वाढत होती."

"काल तिच्या पायी वरण गार झालं. म्हणून अर्धी पंगत मीच उरकली. एका मिनिटात." शलाकाचा आवाज चढला. "तिला एका शब्दानं बोलले नाही मी."

"आणि आज?"

"आज म्हणते, ताई, तूच वाढ, तुला येतं."

बुवांनी पंगतीकडे मान वळवली.

"चपलासुद्धा माझ्याकडून घालून घेतल्या आज. पाण्याचा पेला दिला, तर नुसतं तोंड उघडून बसली. एवढी मेहनत केली मी तिच्यावर, सगळी पाण्यात. तुम्ही तरी सांगा तिला. माझं डोकं चालत नाही आता."

बुवा कण्हत उठले. त्यांनाही भूक लागली होती, आणि भुकेले बुवा काही फार प्रेमळ नसत. ते पंगतीत विठासमोर जाऊन बसले. पान पुढे ओढलं. हात मांडीवर ठेवले.

विठा वाटी धरून बसूनच होती.

पोरं चुळबुळू लागली. शलाकाचा हात वाटीकडे गेला. बुवांनी डोळे वटारले. हात मागे आला.

"बुवा, भातही गार झाला."

"होऊ दे."

विठाने बुवांकडे पाहिलं. शलाकाकडे पाहिलं. मग उठली. वाटीत हात घालून चांगली मूठ भरली आणि बुवांच्या भातावर रिकामी केली.

"अगं, किती ते!" शलाका मीठ काढून घ्यायला वाकली.

बुवांनी पानावर आडवा हात धरला.

विठा पुढच्या पानाकडे गेली. तिथे चिमूट. मागे सरून बघणं. मग त्याच्या पुढचं पान... शलाका दाराला टेकून, ओठ चावत उभी राहिली.

शेवटच्या पानावर मीठ पडलं. बुवांनी सगळा भात कालवला आणि घास घेतला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तरी गिळला.

"कशाला खाताय, बुवा? नुसता खारट झाला असेल," शलाका म्हणाली. "काल मी कसं बेताचं वाढलं होतं."

बुवांनी दुसरा घास उचलला.

"काल अळणी होतं."