फुटलेल्या बांगड्यांचा अर्थ

"पण बाबा, स्वप्नात हिरव्या बांगड्या फुटताना दिसल्या, तर त्याचा अर्थ सगळ्यांना एकच ना?"

मोतीगीर बाबा विहिरीवर ओणवे झाले होते. हातात दोर, दोराच्या टोकाला गळ, आणि गळ खोल पाण्यात. सकाळी मठाची एकुलती बादली विहिरीत पडली होती. ती प्रश्न विचारणाऱ्या या पद्माकरच्याच हातून पडली होती.

त्यांनी दोर थोडा डावीकडे नेला.

"की ज्याचा त्याचा वेगळा असतो?"

"थांब. काहीतरी लागलंय."

पद्माकर थांबला. बाबांनी दोर हळूहळू वर घेतला. गळाला शेवाळाचा पुंजका होता. बाबांनी तो काढून बाजूला टाकला आणि गळ पुन्हा खाली सोडला.

मांजरा नदीच्या काठावरचा हा मठ लहानसा. बाबा, शिष्य पद्माकर, आणि गाई सांभाळणारा म्हातारा गेनबा, एवढीच माणसं. पद्माकर शिकलेला होता. पाठशाळेत राहून आलेला. स्वप्नांची त्याला फार माहिती. आसपासच्या गावांतले लोक बाबांच्या पाया पडायचे आणि स्वप्नाचा अर्थ विचारायला पद्माकरकडे जायचे. साप दिसला तर मुलगा. दात पडला तर घरातलं वडीलधारं माणूस जाणार. स्वप्नात लग्न दिसलं तर मरण, आणि मरण दिसलं तर आयुष्य वाढलं. कुणीही विचारो, उत्तर ठरलेलं. स्वप्नाची भाषा सगळ्या माणसांना एकच, असं तो सांगायचा आणि लोक मान डोलवायचे.

मग त्याला स्वतःलाच स्वप्न पडलं.

तेव्हापासून त्याचं ध्यान ठिकाणावर नव्हतं. भात करपला. दिव्यात तेल घालताना ते बाहेरच सांडलं. आणि आता बादली.

गेनबा गोठ्याकडून आला. विहिरीच्या कठड्याला टेकून उभा राहिला.

"पंडित," तो म्हणाला, "बादली विहिरीत पडली, याचा अर्थ काय वं?"

पद्माकरनं वर बघितलं. "स्वप्नात, की जागेपणी?"

"जागेपणी."

"जागेपणी पडली तर अर्थ नसतो."

"असतो की. गाई तहानल्या हायेत, असा अर्थ असतो."

बाबा हसले नाहीत. ते घामाघूम झाले होते.

पद्माकरला त्या थट्टेचंही काही वाटलं नाही. तो बाबांच्या आणखी जवळ सरकला.

"बाबा, मी पुन्हा सांगतो."

"सांगितलंस तू. काल सांगितलंस. परवा सांगितलंस."

"नीट सांगितलं नव्हतं. घराचा ओटा आहे. ओट्यावर आई बसलीय. समोर पाटा. एकेक हिरवी बांगडी घेते, आणि पाट्यावर मारून फोडते. जुन्या नाहीत, नव्या कोऱ्या. एक झाली की दुसरी. मी समोर उभा आहे. बस, एवढंच."

"हं."

"आता शास्त्र बघा. बाईच्या बांगड्या फुटणं म्हणजे वैधव्य. हे वेगळं सांगावं लागत नाही. कुठल्याही गावात, कुठल्याही जातीत, शहाण्याला विचारा की वेड्याला. म्हणजे माझे वडील गेले."

त्याचा आवाज जरा बसला. बाबांनी दोर धरलेला हात थांबवला.

"पण..." पद्माकर म्हणाला, "आम्ही कासार."

"ठाऊक आहे."

"आमच्या घरात बांगडी रोज फुटते. माल उतरवताना फुटते, मोजताना फुटते, भरताना फुटते. परसात काचांचा ढीग असायचा. लहानपणी आम्हाला तिकडे अनवाणी जाऊ द्यायचे नाहीत."

"मग रोज कुणी मरायचं का?"

"नाही. तेच म्हणतोय. कासाराच्या मुलाला बांगडी म्हणजे माल. तर मग माझ्यापुरता अर्थ वेगळा, मालाचं नुकसान. इतकंच."

गेनबानं कठड्यावरचा खडा उचलून दूर फेकला.

"काठावरच्या सरूबाईला तुम्ही सांगितलं होतं, दात पडलेला दिसला म्हणजे सासू जाणार. ती बिचारी आठवडाभर रडली. तिचा दातच हलत होता. पुढं पडला बी. सासू अजून भाकरी थापती. तवा नाही म्हणालात, सरूबाईपुरता अर्थ येगळा हाय म्हणून."

पद्माकर कठड्यावरचं शेवाळ नखानं खरवडू लागला.

"गेनबा," बाबा म्हणाले, "जाऊ दे."

"जाऊ देतो. गाईंना काय सांगू?"

"सांग, येतंय पाणी."

गेनबा गेला नाही. तिथंच उकिडवा बसला.

बाबा पुन्हा ओणवे झाले. खाली गळ कशाला तरी लागून ठणकन वाजला. बाबांनी श्वास रोखला. दोर ताणला, सैल सोडला, पुन्हा ताणला. गळ सुटला.

"बाबा..."

"बोल."

"सगळ्यांचा अर्थ खरा, की ज्याचा त्याचा खरा? दोनातलं एक सांगा. मी जेवलो नाही कालपासून."

"मीही नाही. तू भात करपवलास."

"चुकलो. पण सांगा."

बाबांनी दोर कठड्याला गुंडाळला. पाठ सरळ केली. कमरेत काहीतरी कटकन वाजलं. ते कठड्यावर बसले आणि पद्माकरकडे बघू लागले.

"बरं. समज, सगळ्यांचा अर्थ खरा. मग तू काय करशील?"

पद्माकरनं याचा विचार केलेला होता. तो लगेच म्हणाला, "मग वडील गेलेच. अंत्यसंस्कारही उरकले असतील. आता जाऊन मी काय करणार? इथंच नदीवर तिलांजली देईन."

"आणि समज, तुझा एकट्याचा अर्थ खरा."

"मग थोडा माल फुटला. एवढ्यासाठी घर सोडलेल्या माणसानं परत कशाला जायचं?"

बाबांनी आधी एक बोट दाखवलं, मग दुसरं.

"म्हणजे या अर्थानं तू इथंच. त्या अर्थानंही तू इथंच."

पद्माकरनं मान खाली घातली.

"लई सोयीचं शास्त्र हाय," गेनबा म्हणाला.

"किती लांब आहे घर?" बाबांनी विचारलं.

"नदी ओलांडली की एसटी मिळते."

"पोचायला?"

"...दुपार होते."

बाबांनी डोळे मिटले. कपाळावरून हात फिरवला. "पोरा, दुपार होते? दुपारी पोचतो माणूस, आणि तू तीन दिवस माझं डोकं खातोयस? जा की. दार कोण उघडतं त्यावरून कळेल."

"तसं नाही बाबा."

"मग कसं?"

विहिरीच्या पलीकडे एक गाय हंबरली. गेनबा उठला, पण निघाला नाही.

"मी घर सोडलं तेव्हा..." पद्माकर म्हणाला, "वडील मला दुकानावर बसवणार होते. मी म्हटलं, बायकांचे हात धरायचा धंदा मी करणार नाही. बाजारपेठेत म्हटलं. चार लोक होते. दोन बायका बांगड्या भरायला आलेल्या होत्या. वडील एका बाईचा हात हातात घेऊनच बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बांगडी भरली, रिवाजाप्रमाणे त्या हाताला नमस्कार केला, आणि दुसरी बांगडी घेतली."

"आणि आई?"

"आत होती. ऐकलं असेल तिनं."

"मग?"

"मग काही नाही. मी आलो. सात वर्षं झाली."

गेनबा पुन्हा उकिडवा बसला.

बाबांनी बसल्याबसल्या विचारलं, "स्वप्नात आई होती म्हणालास ना?"

"हो. ओट्यावर."

"तुझ्या समोर."

"अगदी समोर."

"चेहरा कसा होता तिचा?"

पद्माकर डोळे मिटून आठवू लागला.

"रडत होती? रागात होती? काही म्हणत होती?"

"...बघितलं नाही."

"स्वप्न सबंध संपलं, तरी?"

"मी बांगड्यांकडे बघत होतो."

बाबा त्याच्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर आता चीड राहिली नव्हती. दुसरं काहीतरी होतं. पद्माकरला ते बघवत नव्हतं.

मग त्यांनी आपला उजवा हात पुढे केला. म्हातारा हात, गाळानं माखलेला, दोरानं तळव्याला लाल वळ उठलेले.

"घे."

"काय?"

"माप घे."

"बाबा, आपला हात... मी कसा..."

"कासार आहेस ना? घे."

पद्माकर मागं सरला. गेनबाकडे बघितलं त्यानं. गेनबा दुसरीकडे बघत होता. बाबांचा हात तसाच पुढे होता.

शेवटी पद्माकर खाली बसला. त्यानं तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. आधी अवघडला. मग त्याच्या बोटांना आपोआप आठवलं. त्यानं धोतराच्या सोग्यानं गाळ पुसला. चारी बोटं एकत्र जुळवली, अंगठा आत वळवला, अंगठ्याच्या मुळाशी हळूच दाबून बघितलं. दुखणार नाही इतपतच. सात वर्षांत त्यानं कुणाचा हात असा धरला नव्हता.

"हाड मोठं आहे," तो हलकेच म्हणाला. "पण मांस उतरलंय. आता अडीचची बांगडी जाईल. पूर्वी नसती गेली."

"आईचं माप?"

"सव्वादोन." त्याला आठवावं लागलं नाही. "तिचा हात फार मऊ. वडील म्हणायचे, गावात सगळ्यात सोपा हात आपल्याच घरात आहे."

"हे कधीचं माप?"

"मी होतो तेव्हाचं."

"आणि आत्ताचं?"

पद्माकरनं बाबांचा हात सोडला नाही. त्या हातावरच्या सुरकुत्यांकडे तो बघत राहिला. अंगठ्यानं एक सुरकुती ताणून धरली. सोडली. ती पुन्हा होती तशी झाली.

"आत्ताचं..." तो म्हणाला.

आणि त्यानं त्या हाताला नमस्कार केला.

थोड्या वेळानं बाबांनी आपला हात सोडवून घेतला, कठड्याला गुंडाळलेला दोर सोडवला, आणि पुन्हा विहिरीवर ओणवे झाले.

पद्माकर उठला. खोलीत जाऊन आला. खांद्यावर पंचा, बाकी काही घेतलं नव्हतं. बाबांच्या पायाशी वाकला. बाबा दोरात गुंतले होते, त्यांनी नुसतं "हं" केलं.

"एसटीला पैसे?" गेनबानं विचारलं.

"आहेत."

"जेवून तरी जा."

"काय जेवू? भात करपलाय."

गेनबाला हसू आलं. त्यानं कनवटीचे चार शेंगदाणे काढून पद्माकरच्या हातावर ठेवले.

पद्माकर उताराकडे निघाला. उताराला लागला. नदीतले दगड दिसायला लागले, तिथवर गेला.

आणि थांबला.

विहिरीवरून बाबांना ते दिसलं. त्यांनी हताश होऊन मान हलवली.

"येतोय बघा," गेनबा म्हणाला. "फिरला मागं."

पद्माकर खरंच चढण चढून परत आला. त्याला धाप लागली होती. डोळे लाल होते.

"बाबा, मी जातोय. जाणारच आहे. वडील असोत, नसोत. त्यावर अडलेलं नाही माझं आता."

"मग कशावर अडलंय?"

"पण गावातले लोक उद्या पुन्हा विचारायला येतील. मला खरं काय ते सांगायला हवं. सरूबाईला सांगायला हवं. एवढं एकच सांगा, पुन्हा नाही विचारणार. बांगडी फुटण्याचा अर्थ सगळ्यांना एक, की ज्याचा त्याचा?"

खाली गळ बादलीच्या कडीत अडकला होता. दोर ताठ झाला होता. बाबांनी तो दोन्ही हातांनी धरून ठेवला. ना वर ओढला, ना सोडला.

"घरात कुणी तोंडाकडे बघेना झालं," ते म्हणाले, "की बाई आपटते. हाताशी जे असेल ते."