पेल्यामागची पोथी

देवकोटचे महाराज फ्रान्सहून परतले ते द्राक्षाच्या लाल दारूच्या चाळीस पेट्या घेऊन. निम्म्या बोर्दो प्रांतातल्या, निम्म्या बर्गंडीतल्या. त्या ठेवायला थंडगार जागा संस्थानात एकच होती, ती म्हणजे ग्रंथालय. म्हातारे ग्रंथपाल विश्वंभरशास्त्री पुस्तकं वाचवायला दरबारात धावले.

"शास्त्रीबुवा, जिभेला कळतं ते पोथीला कळत नाही," महाराज भर दरबारात म्हणाले. "हे दोन पेले. न चाखता सांगा, बोर्दो कुठली अन् बर्गंडी कुठली. बरोबर आलं, तर पुस्तकं जागची हलणार नाहीत."

बर्गंडीचं द्राक्ष पातळ सालीचं, म्हणून दारू फिकट. बोर्दोचं जाड सालीचं, म्हणून गडद, असं शास्त्र्यांनी वाचलं होतं. पण त्यांना दोन्ही पेले सारखेच लाल दिसत होते, आणि स्वतःच्या नजरेवर त्यांचा भरवसा कधीच नव्हता.

"महाराज, मी दारूला शिवत नाही. पेले आपणच धराल का?"

महाराजांनी हसत दोन हातांत दोन पेले उंच धरले. शास्त्र्यांनी काखेतली पोथी उघडली आणि पेल्यांमागे धरली. एका पेल्यातून ओळ वाचता आली, दुसऱ्यातून अक्षर दिसेना.

"आपल्या उजव्या हातात बर्गंडी, डाव्यात बोर्दो. पोथीला कळलं, महाराज."

पेले भरून आणणाऱ्या खानसाम्यानं होकारार्थी मान डोलावली.

"अन् माझ्या पेट्या?"

"बर्गंडीला एक कोपरा देईन. तिच्यातून निदान वाचता तरी येतं!"

महाराज इतके हसले की दोन्ही पेले हिंदकळले. "अहो शास्त्रीबुवा," ते घाईघाईनं ओरडले, "पोथी मागे घ्या, डाग पडेल!"