देसायांच्या नावाची शिळा

नदीकाठच्या आडूरगावी रंगराव देसायांनी पूर अडवायला बांध घातला. पुढं एका वळणावर खेकड्यांनी तो पोखरून काढला. गावकरी डागडुजीसाठी विनवून थकले, पण देसायांचं एकच पालुपद, "माझ्या बांधाला काय धाड भरलीय?" त्यांना घाई होती ती बांधावर आपल्या नावाची शिळा बसवायची.

शिळा कोरून आली. "जास्तीत जास्त लोक वाचतील अशाच जागी बसवा," त्यांनी हुकूम सोडला. गावच्या भागाक्का पाटलिणीनं ती नेमकी त्या पोखरलेल्या वळणाशेजारी उतरवून घेतली.

देसाई भडकले. "इथं कुत्रं तरी फिरकतं का?"

"आज नाही फिरकत, सरकार," भागाक्का शांतपणे म्हणाली. "धड बांध बघायला कोण जातंय? पण फुटलेला बघायला दहा गावं लोटतात. आणि हा बांध फुटला तर इथंच फुटणार."

देसाई आपल्या नावाकडं बघतच राहिले. दुसऱ्या दिवशी वळणावर दगडमातीच्या गाड्या लागल्या.

त्या पावसाळ्यात पूर आला, बांधाला टेकला आणि मुकाट माघारी गेला. शिळा वाचायला मात्र एक माणूस आला नाही.