लिंबाजीची किडनी

बुधवार, सकाळचे सव्वानऊ. कांद्याच्या बाजाराचं आवार, तिसरा ओटा. ट्रकवरून एक हमाल पोत्यासकट खाली पडला.

एवढी घटना पक्की आहे. पुढचं सगळं त्या हमालाच्या भोळेपणामुळे घडलं, असं सरकारी चौकशीत म्हटलंय.

धानोरखेड नावाच्या गावात हा हमाल राहायचा. नाव लिंबाजी खरात. अंगाने धिप्पाड, मनाने भोळा. सांगितलेलं मोडायचं नाही, हा त्याचा बाणा. आदल्या दिवशी त्याच्या हातून एक पोतं सुटून फुटलं होतं. मुकादम आसराजी ओरडला, "लिंब्या, काही झालं तरी पोतं सोडायचं नाही." बुधवारी फळीवरून पाय घसरला. बाकीच्यांनी पोती फेकून उड्या मारल्या. लिंबाजीने पोतं छातीशी घट्ट धरलं. तो ओट्याच्या कडेवर कुशीवर आदळला, आणि पोतं त्याच्यावर.

"सोडलं नाही बघा," तो खालून म्हणाला.

लघवीतून रक्त गेलं. सीटी स्कॅन झालं. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर सोनटक्के भले माणूस. त्यांनी नीट समजावलं. "उजव्या किडनीला चीर पडलीये. ऑपरेशन नको. पडून राहिलास तर आपोआप भरून येईल. पण भरली की नाही, हे बाहेरून कळत नाही. दोन दिवसांनी सोनोग्राफी करू, तीन महिन्यांनी परत करू. ती बघितल्याशिवाय पोत्याला हात लावायचा नाही. आणि आता काही झालं तरी हलायचं नाही."

मुकादमाने हमालीचा बिल्ला काढून घेतला. "डॉक्टरचा कागद आण आणि बिल्ला ने," तो म्हणाला. बिल्ल्याशिवाय बाजारात काम नाही. लिंबाजीची सगळी चिंता त्या पितळी बिल्ल्यात येऊन बसली.

शुक्रवारी दोघे शिपाई स्ट्रेचर घेऊन आले.

"चल, सोनोग्राफीला."

लिंबाजी हलला नाही. डोळेही हलवले नाहीत.

"अरे, चल की."

"काही झालं तरी हलायचं नाही."

शिपायांनी त्याला उचललं. त्याने मुकादमाचं आठवून खाट धरली. लिंबाजीबरोबर खाटही वर आली. खाट दारातून जाईना. शिपायांनी तासभर आडवी-उभी करून पाहिली. तेवढ्यात सोनोग्राफीचे डॉक्टर निघून गेले. ते आठवड्यातून दोनच दिवस यायचे, मंगळवारी आणि शुक्रवारी.

सिस्टर डहाळे कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "लिंबाजी, हाक आली की लगेच निघायचं. कळलं?"

"कळलं, बाई."

मंगळवारी सकाळी हाक आली. खिडकीखालून आली. "भंगाऽर, पत्रा-लोखंऽड." लिंबाजी लगेच निघाला. भंगारवाला पुढे, हा मागे. भंगारवाल्याने तीनदा वळून पाहिलं.

"काय विकायचंय?"

"काही नाही. तुम्ही हाक मारली."

एसटी स्टँडजवळ त्याला धरून आणलं, तेव्हा लघवी परत लाल झाली होती. डॉक्टर सोनटक्क्यांनी कपाळाला हात लावला. आणखी आठवडाभर खाट. सिस्टरांनी आता मोजून मापून सूचना दिली. "शुक्रवारी तुला खाटेवरूनच नेऊ. सकाळी दहाला तांब्याभर पाणी प्यायचं आणि लघवी धरून ठेवायची. आम्ही सांगेपर्यंत सोडायची नाही."

शुक्रवारी दहाला लिंबाजी तांब्याभर पाणी प्याला. सोनोग्राफीचे डॉक्टर त्या दिवशी आलेच नाहीत. हे वॉर्डात कुणी सांगितलं नाही. सांगणं कुणाचं काम, हे ठरलेलं नव्हतं. बारा वाजले. तीन वाजले. लिंबाजीचा चेहरा आधी पिवळा झाला, मग कांद्यासारखा गुलाबी, मग जांभळा. शेजारच्या खाटेवरचे म्हातारे आबा म्हणाले, "लेका, जाऊन ये की."

"सांगेपर्यंत सोडायची नाही."

"मी सांगतो."

"तुम्ही सिस्टर नाही."

आबांनाही ते पटलं. पाचला राउंडला आलेल्या डॉक्टर सोनटक्क्यांनी त्याला हाताला धरून मोरीत नेलं. "अरे वेड्या, किडनीवर ताण येतो. आली की मोकळं व्हायचं. कुणाची वाट बघायची नाही."

"बरं," लिंबाजी म्हणाला. आजवर मिळालेल्या सूचनांत त्याला ही सगळ्यात आवडली.

मंगळवारी सगळं जुळून आलं. डॉक्टर आले, लिंबाजी टेबलावर झोपला, पोटावर गार मलम लागलं. डॉक्टरांनी दट्ट्या दाबला. लिंबाजीला आली. त्याने कुणाची वाट बघितली नाही.

यंत्र टेबलाला खेटून होतं. ते एकदा चरचरलं, मग बंद पडलं. दाराला पाटी लागली, 'यंत्र बंद आहे'. दुरुस्तीचं पत्र वर गेलं. ते बराच काळ वरच होतं.

लघवी स्वच्छ झाल्यावर लिंबाजीला घरी सोडलं. दोन दिवसांनी करायची सोनोग्राफी राहिली ती राहिलीच. घरी जाण्याचं कार्ड तयार नव्हतं. त्यासाठी परत यावं लागणार होतं. सिस्टर डहाळ्यांनी हात जोडले. "बाबा, तू नको येऊस. घरातलं कुणीही आलं तरी चालतं. फक्त तुझा कागद दाखवायचा."

लिंबाजीने हे मनात पक्कं कोरून ठेवलं.

तीन महिने झाले. यंत्र सुरू झालं. शुक्रवारी सकाळी लिंबाजीने सोनोग्राफीचा कागद बायकोच्या हातात दिला.

"कौसा, तू जाऊन ये."

"अहो, किडनी तुमची. मी जाऊन काय करू?"

"घरातलं कुणीही चालतं. बाईंनीच सांगितलंय."

कौसा शहाणी होती. जाऊन नीट विचारून यावं म्हणून ती निघाली. पण शुक्रवार गरोदर बायांचा दिवस. बाकावर चाळीस बाया. आतली आया बाहेर येऊन ओरडली, "लिंबाजी खरात कुणाचं?"

कौसा उठली. नवऱ्याचं नाव ती कधी तोंडाने घेत नसे. "ते आमच्या मालकांचं आहे," ती म्हणाली.

"मालक बाहेर थांबतील. तुम्ही आत या."

"अहो बाई, मला नाही काही..."

"सगळ्या पहिल्यांदा असंच म्हणतात. पोट उघडं करा."

खोलीत अंधार. डॉक्टरांची नजर पडद्यावर. कागदावर किडनी लिहिली होती, म्हणून त्यांनी किडनी बघितली. शुक्रवार होता, म्हणून खालीही बघितलं. "श्वास रोखा. सोडा. पुढची."

दुपारी कौसा कागद घेऊन घरी आली. तो इंग्रजीत होता. लिंबाजी तसाच उठून बाजारात गेला. सगळे हमाल गोळा झाले. बाजार समितीच्या कारकुनाने चष्मा लावला आणि मराठी करत मोठ्याने वाचलं.

"लिंबाजी खरात, पुरुष, वय चौतीस. उजवी किडनी उत्तम. चिरेची खूणसुद्धा नाही. डावी उत्तम." तो थांबला. त्याने चष्मा पुसला. "गर्भ चौदा आठवड्यांचा. ठोके नियमित. जड काम करण्यास हरकत नाही."

सगळ्या हमालांनी लिंबाजीच्या पोटाकडे पाहिलं.

"लिंब्या," मुकादम हळूच म्हणाला, "हे काय रे?"

"मला वाटलंच होतं," लिंबाजी म्हणाला. "मळमळ मला नव्हती, कौसाला होती. पण घरातलं कुणीही चालतं."

मुकादमाने कागद उलटा केला, सुलटा केला. तीन सह्या होत्या. गोल शिक्का होता. शिक्क्यापुढे त्याचं काय चालणार. त्याने बिल्ला दिला.

गावच्या नर्सबाईंनी पुढच्या आठवड्यात कौसाला विचारलं, "तुमची सोनोग्राफी झाली का?"

"झाली. मालकांच्या कागदावर."

तिथून बोभाटा झाला. मग चौकशी बसली. चार पानांचा निष्कर्ष निघाला, रुग्णाने स्वतः यायला हवं होतं. तीन सह्या करणाऱ्यांपैकी एकानेही कागदावरचा 'पुरुष' आणि 'गर्भ' एका दमात का वाचले नाहीत, याबद्दल चार पानांत एक ओळ नाही.

दवाखान्याच्या वहीत लिंबाजीच्या नावापुढे 'तपासणी पूर्ण' असंच आहे. लिंबाजी रोज तिसऱ्या ओट्यावर पोती उचलतो, आणि कौसाला घागर उचलू देत नाही. त्याची उजवी किडनी त्या पहिल्या बुधवारनंतर आजपर्यंत कुणी पाहिलेली नाही.