म्हशीची पसंती

तिचे नाव ठकूबाई की भागाबाई, हे आता खात्रीने आठवत नाही. धरणात बुडणाऱ्या आमच्या गावासाठी निवडलेला माळ दाखवत पुनर्वसन अधिकारी तिला म्हणाले, "आजी, इथं पाणी भरपूर आहे."

"मग माझी म्हैस सोडते. ती बसंल तिथं घर बांधू."

"सोडा की!" साहेब हसले.

म्हैस माळभर हिंडली आणि साहेबांच्या तंबूमागे, त्यांच्या आंघोळीच्या पाण्याने झालेल्या चिखलात जाऊन बसली.

"पाणी हाय की, साहेब! पण ते तुमच्या टँकरसंगं आलंय. तुम्ही कायमचं ऱ्हाणार असाल, तर आम्ही येतो."

सगळे हसले, साहेबसुद्धा. गाव मात्र तिथेच हलवले.

कित्येक वर्षांनी मी शहरातून मुद्दाम तिथे जाऊन पाहिले. नव्या गावात एकही म्हैस नव्हती.