वाऱ्याने आणलेलं आढं

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्या किनाऱ्यावर ती घडली तो आता पाण्याखाली गेला आहे आणि त्या गावाचं नाव सांगणारंही कुणी उरलेलं नाही.

त्या गावात माडांची दाटी होती. एकाचा माड दुसऱ्याच्या अंगणावर झुकलेला असायचा. वारा सुटला आणि नारळ पडला, की भांडण ठरलेलं. म्हणून वाडवडिलांनी एक नियम करून ठेवला होता. वाऱ्याने टाकलेलं ज्याच्या अंगणात पडेल, ते त्याचं. सोपा नियम होता. भांडणाची हौस असलेल्या दोनचार जणांची पंचाईत झाली, पण बाकी गाव सुखाने राहिलं.

मग एका वर्षी, पावसाळ्याच्या तोंडावर, वादळ आलं. असं वादळ कुणाच्या आज्यानेही पाहिलेलं नव्हतं. होड्या फुटल्या, घरांची छपरं उडाली, सात माणसं गेली. त्या सातांत शेवंतीचा धाकटा भाऊ होता. होडी वर ओढून घेतो म्हणून वाळूवर धावला, तो परत आलाच नाही. शेवंतीचा बाप गावचा तांडेल, म्हणजे होड्यांवरचा म्होरक्या. त्याचा शब्द सारं गाव झेलत असे. त्या दिवसापासून तो कुणाशी बोलेनासा झाला.

वादळ ओसरलं तेव्हा प्रत्येक अंगणात दुसऱ्याचं काहीतरी येऊन पडलं होतं. कुठे दार, कुठे वासे, कुठे शेजाऱ्याच्या तान्ह्याचा पाळणा. आता बघा माणसाची तऱ्हा! गावाला नेमका तोच जुना नियम आठवला. जो तो आपल्या अंगणाला काट्याकुट्यांचं कुंपण घालून राखण करत बसला. कुणाकडे तीन दारं होती, पण छप्पर नव्हतं. कुणाकडे वासे होते, पण ते पेलायला आढं नव्हतं. घर असं कुणाचंच होत नव्हतं.

तांडेलाचं घर दगडी जोत्याचं, ते टिकलं. त्याच्या अंगणात सागवानी आढं येऊन पडलं होतं, अख्खं छप्पर तोलणारं. जाळी विणून पोट भरणाऱ्या एकट्या म्हातारीच्या घराचं ते. तांडेल दिवसभर त्याच आढ्यावर बसून समुद्राकडे बघत राही.

मोठी माणसं अशी राखण करत बसली, तेव्हा पोरं उठली. विशीच्या आतबाहेरची दहाबारा जणं, आणि पुढे शेवंती. त्यांनी गेलेल्यांना निरोप दिला, विहीर उपसली, वाटा मोकळ्या केल्या. पण छपरांशी येऊन गाडं अडलं. लाकूड यायचं खाडीपलीकडच्या रानातून, आणि तिथे जायला धड होडी उरली नव्हती. पाऊस पंधरा दिवसांवर आला होता. अंगणाअंगणात अडकलेलं सामान सुटलं, तरच लेकरांच्या डोक्यावर छप्पर येणार होतं.

पोरं घरोघर गेली. सगळीकडे एकच उत्तर मिळालं. "आधी तांडेलाच्या अंगणातलं आढं हलवा, मग आमच्याकडे या."

"तांडेलाचा दुपारी डोळा लागतो, तेव्हा उचलूया," एक पोरगा म्हणाला.

"चोरून नको," शेवंती म्हणाली. "मग ते आढं तेवढं जाईल. कुंपणं तशीच राहतील."

ती बापासमोर जाऊन उभी राहिली. "आबा, हे आढं जाळीवाल्या आजीचं आहे."

"वाऱ्याने आणलं. माझ्या अंगणात पडलं."

"तो नियम नारळाचा आहे, आबा. घराचा नाही."

तांडेल म्हणाला, "वाऱ्याने माझा पोर नेला, शेवंते. तो कुणी परत आणून दिला का मला? मग मीच का द्यायचं?"

बापाचं म्हणणं शेवंतीला पटत नव्हतं, पण त्याचं दुःख तिचंही होतं. इतक्या दिवसांत तिला भावासाठी रडायलासुद्धा सवड झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने सोबत्यांना सांगितलं, "आजपासून कुणाकडे काही मागायचं नाही. फक्त विचारायचं, तुमचं काय हरवलं?"

ती स्वतः म्हातारीकडे गेली. म्हातारीने एका टेकूवर माडाचे झाप टाकून कसाबसा आडोसा केला होता.

"आजी, तुझं काय हरवलं?"

"माझं आढं. कुठे आहे ते ठाऊक आहे मला. असू दे. तुमचं काय गेलं गं, पोरी?"

"भाऊ गेला," शेवंती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "त्याचं वल्हंसुद्धा मिळालं नाही."

रडताना आधाराला म्हणून तिने टेकू धरला. बोटांना काहीतरी खरखरीत लागलं. लाकडात कोरलेला छोटासा मासा होता. तो तिच्या भावाने कोरला होता, आपल्या वल्ह्यावर.

म्हातारीची नजर अधू होती, पण मुलीचा हात कुठे थांबला ते तिला कळलं. "हे त्याचं?" एवढंच तिने विचारलं आणि वल्हं उपटायला लागली.

"आजी, आडोसा पडेल!"

"पडू दे. बापाच्या हातात पोराचं काहीतरी असायला हवं."

झाप खाली आले. म्हातारी ते वल्हं घेऊन भर दुपारी गावातून चालत तांडेलाच्या अंगणात गेली आणि तिने ते त्याच्या मांडीवर ठेवलं.

"माझ्या अंगणात पडलं होतं," ती म्हणाली. "नियमाने माझं. पण हे तुझं आहे, बाळा."

तांडेलाने त्या माशावरून बोट फिरवलं. वादळानंतर तो पहिल्यांदाच रडला. मग त्याचं लक्ष म्हातारीच्या केसांत अडकलेल्या झापांच्या काड्यांकडे गेलं.

"शेवंते, हे वल्हं कुठे होतं?"

"आजीच्या आडोशाला टेकू होतं, आबा. आता आडोसा पडला."

तांडेल आढ्यावरून उठला. "पोरांनो, ते टोक धरा," तो म्हणाला, आणि दुसरं टोक त्याने आपल्या खांद्यावर घेतलं.

ते आढं गावातून जाताना सगळ्यांनी पाहिलं. संध्याकाळी एकाने पाळणा बाहेर काढला. दुसऱ्याने दार काढलं. मग कुंपणं निघाली. कोणतं घर आधी शाकारायचं ते पोरं सांगत, आणि मोठी माणसं निमूट ऐकत. पाऊस आला तेव्हा दोन घरं उघडीच होती. त्या घरच्यांना शेजाऱ्यांनी आपल्यात घेतलं. गेलेली सात माणसं मात्र परत आली नाहीत, आणि तांडेलाने ते वल्हं पुन्हा कधी पाण्यात घातलं नाही.

गावाने नियम बदलला. नारळ अंगणवाल्याचा राहिला. बाकी वाऱ्याने आणलेलं सारं, ज्याचं गेलं त्याचं.

मुलांनो, आणि मोठ्यांनो, तुम्हीही ऐका: आपल्याला काय मिळालं ते राखत बसणाऱ्यांच्या हातून नव्हे, तर दुसऱ्याचं काय गेलं ते विचारणाऱ्यांच्या हातून मोडलेलं गाव पुन्हा उभं राहतं.